बारा टोप्या आणि एक उघडी कळ

बाबांच्या ऑपरेशनला एकवीस दिवस उरले होते आणि आमच्या घरात भांडण चाललं होतं ते बारा शब्दांवरून.

मुळात कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे बिनसलं त्यातही माझाच हात आहे, आणि नुसतं श्रेय घेऊन पळून जाणाऱ्यांतली मी नाही.

बाबांच्या घशात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास मानेला केलेल्या भोकातून घ्यायचा. "जेवता येईल, फिरता येईल, दोन महिन्यांत कामावर जाता येईल. बोलता मात्र येणार नाही." दुकानदार निळा रंग संपलाय म्हणून सांगतो, तसं त्यांनी हे सांगितलं. पुढे मानेला लावायचं एक यंत्र मिळतं म्हणाले, पण आवाज यंत्राचाच येतो.

बाबांचा आवाज तेव्हाच खरवडल्यासारखा झाला होता. ते म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, या घरात शेवटचा शब्द आता कायमचा बायकोचा."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. विनोद झाला असं लिहिलं असेल.

बाबा एका वकिलांच्या कचेरीत टंकलेखक. काम घरीही आणायचे, आणि टाइप करताना प्रत्येक शब्द तोंडाने म्हणायचे. "सदरहू... मिळकतीच्या... पूर्वेस... रस्ता... स्वल्पविराम..." सुट्टीच्या दुपारी आई या पुटपुटण्यावरच झोपायची. बाबा मध्येच थांबले की दचकून उठायची आणि विचारायची, "काय झालं हो?"

मी मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. मग बाबांनी मला वक्तृत्व स्पर्धेसाठी धरलं. "शेवटचा शब्द गिळू नकोस. श्वास पोटातून घे. समोरचा बहिरा आहे असं समज." मी गिळला नाही, पोटातून घेतला, समोरच्यांना बहिरं समजले आणि पहिली आले. तेव्हापासून वर्गात माझं नाव भोंगा. बाबांनाही ते इतकं आवडलं की घरातही भोंगा. मला आत्मविश्वास असा चढला होता की काही विचारू नका. जिथे गप्प बसायला हवं तिथेही मी सूत्रसंचालन करायचे.

तर कल्पना अशी. बाबांचा आवाज जायच्या आत तो भरून ठेवायचा. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत बारा कळा असतात, ज्यांना बाबा कधी हात लावत नाहीत. त्या प्रत्येकीवर एकेक वाक्य. कळ दाबली की बाबांच्या आवाजात वाक्य. माझ्या वर्गातल्या संगणकवेड्या मैत्रिणीने छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला. कळ दाबून धरली तोवर आवाज येणार, सोडली की थांबणार. आणि कोणती कळ कशाची हे दिसावं म्हणून कीबोर्डला नव्या टोप्या बनवून घ्यायच्या. कळेवरची प्लास्टिकची टोपी निघते. आपल्याला हवं ते अक्षर, हवा तो रंग छापून अख्खा संच करून देणारा एक माणूस मला इंटरनेटवर सापडला होता. आम्ही त्याला टोपीवाला म्हणायला लागलो.

"टोपीवालाच ना? टोपी घालणारा नव्हे?" आत्याने विचारलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तीस वर्षं परिचारिका होती. निवृत्त झाली तरी अजून खोलीत शिरली की आधी चादर ताणते. बाबांच्या आजारपणासाठी आमच्याकडे राहायला आली होती.

टोपीवाल्याचा नियम असा होता, की एका टोपीवर चार अक्षरांच्या वर मावत नाहीत. बारा कळा, चार अक्षरं. मी वही उघडून अध्यक्षस्थानी बसले.

"हे बघ," आत्या म्हणाली, "ऑपरेशननंतर माणसाला चारच गोष्टी लागतात. पाणी, औषध, बेडपॅन आणि भेटायला आलेले लोक खोलीच्या बाहेर."

"चौथी पहिली टाक," बाबा म्हणाले.

"बेडपॅन छापून घेऊ? कीबोर्डवर?" मी ओरडले.

"अगं, तुला लाज वाटत असेल. पोटाला वाटत नाही."

शेवटी पाणी, औषध, दुखतंय, श्वास, दिवा, पंखा, दार, भूक, झोप, हो आणि नको अशा अकरा ठरल्या. बाबांनी एक "खोटं" सुचवला. वकिलाकडे काम करणाऱ्याला हा शब्द लागतोच, म्हणाले. आम्ही तो बहुमताने पाडला. एक जागा उरली. तेवढ्यात आई बोलली. आई चष्म्याच्या दुकानात काम करते आणि विचार करत असली की हातातल्या मऊ फडक्याने काहीतरी पुसत राहते.

"मला एक हवं होतं."

"बोल."

"अगं."

"अगं काय?" आत्याने विचारलं.

"अगंच. हे मला हाक मारतात ना. ते."

आत्या हसली. वाईट मनाने नाही, वॉर्डात हसतात तशी. "त्याला काय कळ लागते? टाळी वाजवेल, टेबलावर थाप मारेल. बोलवायला आवाज कशाला? मांजरसुद्धा आवाज न करता बरोबर बोलावून घेतं."

"तेही खरंच," आई म्हणाली, आणि आधीच स्वच्छ असलेला चष्मा पुसायला लागली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अध्यक्ष मी होते ना. मी वहीत बाराव्या ओळीत लिहिलं, धन्यवाद. नर्सला म्हणता येईल, पाहुण्यांना म्हणता येईल, शिवाय बरोबर चार अक्षरं. मला भाषणाच्या शेवटी धन्यवाद म्हणायची सवय होती. सभा संपली.

पुढचे दोन दिवस मी तरंगत होते. गडद राखाडी टोप्या, त्यावर दुधी अक्षरं, आणि वरच्या बारा विटकरी. अक्षराचे सहा नमुने छापून, कापून मी जुन्या कळांवर चिकटवले. आईने बाबांना तीन फुटांवर खुर्चीत बसवलं आणि दुकानातल्यासारखं एकेक वाचायला लावलं. बाबा म्हणाले, "शिरोरेषा जाड हवी. नाहीतर शब्द दोरीवरच्या कपड्यासारखा लोंबतो." जाड शिरोरेषा ठरली.

टोपीवाल्याचा निरोप आला. कीबोर्ड कोणत्या देशाच्या मांडणीचा आहे? देशादेशांत एंटर, शिफ्ट यांचे आकार वेगळे असतात. एक फोटो पाठवाल का?

मी उत्तर दिलं, नेहमीचाच आहे.

फोटो काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्याच्या पानावरच्या सगळ्या चित्रांत एकच मांडणी होती, आणि मला त्या वर्षी सगळंच माहीत व्हायला लागलं होतं.

आवाज भरायचं काम सकाळी चालायचं, कारण चहानंतर तासभर बाबांचा घसा जरा मोकळा व्हायचा. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी त्यांना स्टुलावर बसवून डोकं कपड्यांच्या कपाटात घालायला लावायचे. पहिल्या दिवशी यंत्रणा चालते का ते बघायला नुसती चाचणी घेतली. डाव्या शिफ्टच्या शेजारी बाबांना कधी न लागणारी एक कळ होती, तिच्यावर तो तुकडा लावून पाहिला. आवाज आला. मी टुणकन उडी मारली आणि ती चाचणी विसरून गेले.

मग खरं काम. बाबा म्हणाले, "पाणी दे गं."

"'गं' नको बाबा. हॉस्पिटलात पुरुष नर्स असला तर? 'पाणी हवं आहे.' स्पष्ट."

"पाणी हवं आहे गं."

"बाबा!"

"अगं भोंग्या, पन्नास वर्षांची सवय आहे. मी काय बातम्या द्यायला बसलोय?"

"परत. शेवटचा शब्द गिळू नका."

मी त्यांचीच वाक्यं त्यांना परत करत होते आणि मला त्याची भारी गंमत वाटत होती. खोकला आला की परत, हसले की परत. 'दुखतंय' म्हणताना त्यांनी आत्याची नक्कल केली, ती तर इतकी हुबेहूब होती की आत्या स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली. तेही परत. चार सकाळी गेल्या. एकशे चाळीस तुकडे झाले. मी त्यांतले बारा ठेवले, शुद्ध, खणखणीत, आणि बाकीचे पुसून टाकले. पुसलेलं संगणकाच्या कचराटोपलीत राहतं, तीही रिकामी केली. मला नीटनेटकं काम आवडतं.

शेवटचं वाक्य 'धन्यवाद' होतं. सातव्या वेळी जमलं. बाबांनी कपाटातून डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, खांद्यावर आईच्या ओढणीचं टोक.

"झालं?"

"एकदम मस्त."

"मग आता जरा साधं बोलू का?"

ऑपरेशनला चार दिवस होते.

ऑपरेशननंतर बारा दिवसांनी बाबा घरी आले. गळ्याला पांढरं जाळीदार कापड बांधलेलं, श्वास घेतला की ते हलायचं. घर तसंच होतं, पण कोणीतरी भिंतीमागची मोटर बंद केल्यासारखं झालं होतं. बाबा टाइप करायला बसले की नुसती खटखट. एका सुट्टीच्या दुपारी आई आडवी झाली, कूस बदलली, परत बदलली, मग उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

टोप्यांचा खोका आला तेव्हा मला वाटलं, आता सगळं जागेवर येईल. चिमट्याने एकेक जुनी टोपी उपटली. अ, स, न यांच्यावरची अक्षरं तर कधीचीच पुसली होती. नव्या बसवत गेले, टक, टक, टक. काय दिसत होत्या! आणि मग शिफ्टशी अडले. नवी टोपी लांब होती, आमची शिफ्ट आखूड. एंटरही बसेना. बाबांनी तो कीबोर्ड एका परदेशी जहाज कंपनीची कचेरी बंद पडली तेव्हा लिलावातून आणला होता. त्याची मांडणी त्या देशाची, तिथे शिफ्ट आखूड असते आणि तिच्या शेजारी एक कळ जास्त असते. संचात त्या कळेची टोपीच नव्हती. फोटो पाठवला असता तर असती.

तीन जुन्या, पिवळट टोप्या परत लावाव्या लागल्या. नव्या कवळीत तीन जुने दात.

बाबांनी सगळ्यावरून बोटं फिरवली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि टाइप केलं, "झकास." मी म्हटलं, दाबून बघा ना. त्यांनी 'पाणी' दाबली. खोलीत खणखणीत आवाज घुमला, "पाणी हवं आहे." आत्या म्हणाली, वा. आई उठून पाणी घेऊन आली. ग्लास टेबलावर ठेवताना तिने बाबांकडे पाहिलंच नाही, स्पीकरकडे पाहिलं.

त्यानंतर बाबांनी त्या बारांतली एकही कळ दाबली नाही. पाणी हवं असलं की उठून घ्यायचे. आईला बोलवायचं असलं की अंगठी टेबलावर दोनदा आपटायचे, ठक ठक. आई यायची. लगेच यायची. पण हातातलं काहीतरी पुसत, खाली बघत यायची.

एक महिना मी दम धरला. मग एके संध्याकाळी फुटलेच. "बाबा, एवढी मेहनत केली! एकदाही वापरत नाही तुम्ही. का?"

त्यांनी शांतपणे टाइप केलं. पडद्यावर एकेक शब्द उमटत गेला.

"तो माणूस फार सभ्य आहे. मला ओळखत नाही."

मग खाली, "बातम्या देतो."

मी हसले. खूप हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. त्या रात्री बाबांचा खरा आवाज कुठे सापडतो का म्हणून मी फोन, संगणक, सगळं पालथं घातलं. माझी भाषणं सापडली, सव्वीस. प्रत्येकात माझा आवाज, आणि शेवटी टाळ्या. त्या टाळ्यांत बाबांच्या असतीलच, पण टाळीला आवाज असतो, माणसाचा गळा नसतो. एकशे अठ्ठावीस तुकडे मी स्वतःच्या हाताने पुसले होते. त्यांत ते खोकले होते, चिडले होते, 'गं' म्हणाले होते.

आणि मग तो रविवार. बाबा खिडकीशी पेपर वाचत होते, आत्या डाळ निवडत होती, मी गृहपाठ करत होते. आई तिच्या मऊ फडक्याने कीबोर्ड पुसत होती. नव्या टोप्या पुसून झाल्या, मग जुन्या तीन. शिफ्टच्या शेजारची पुसताना फडकं दाबलं गेलं.

"अगं..." बाबा म्हणाले. "अगं ए, चालू झालं का हे? बोलू का?"

आणि लगेच माझा भोंगा, "थांबा हो बाबा! अजून नाही! मी सांगते तेव्हा बोला!"

माझी चाचणी. ती प्रोग्रॅमच्या पोटातच राहिली होती, म्हणून पुसायचीही राहिली आणि शोधताना सापडलीही नाही.

आईचा हात तसाच राहिला. आत्याच्या ताटातली डाळ थांबली. आईने परत दाबलं. "अगं... अगं ए, चालू झालं का हे?" खरवडलेला, अर्धवट हसणारा, कपाटात कोंडलेला आवाज. अगदी त्यांचा. तिने तिसऱ्यांदा दाबलं.

बाबा उठले. त्यांनी आईचा हात कीबोर्डवरून उचलला, हळूच, गरम भांड्यावरून उचलावा तसा. खुर्चीत बसले आणि टाइप केलं, "पुरे. मी इथे बसलोय."

मग त्यांनी टोप्या काढायचा चिमटा उचलला, ती जुनी टोपी उपटली आणि खणात टाकली. खाली कळेचं उघडं टोक राहिलं, अधिकच्या चिन्हासारखं.

"बरं केलंस," आत्या म्हणाली. "जित्या माणसाचं भूत कशाला नाचवायचं?"

तो तुकडा पुसून टाक असं बाबांनी मला लिहिलं नाही. पुसू नकोस असंही नाही. मीही विचारलं नाही. विचारायची मला एव्हाना भीती वाटायला लागली होती.

आत्या तिच्या घरी गेली. बाबा अर्धा दिवस कचेरीत जायला लागले. एका गुरुवारी आमचे शेवटचे दोन तास रद्द झाले आणि मी दुपारीच घरी निघाले. गुरुवारी आईचं दुकान बंद असतं.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर होते तेव्हा वरून आवाज आला. "अगं."

पायांना अक्कल नसते. मी दोन दोन पायऱ्या चढत सुटले. तीन महिन्यांचं सगळं विसरून, बाबा बोलतायत म्हणून. दाराशी पोचले तेव्हा डोकं पायांच्या बरोबरीला आलं आणि मी थांबले.

दार अर्धवट उघडं होतं. आई बाबांच्या खुर्चीत बसली होती, पाठमोरी. हातात पेन उलटं धरलेलं. पेनाच्या मागच्या टोकाने तिने ती उघडी कळ दाबली आणि लगेच सोडली.

"अगं."

"ओ," आई म्हणाली.

परत दाबलं, सोडलं. तिला अचूक ठाऊक झालं होतं कुठे सोडायचं ते. किती गुरुवार लागले असतील त्याला?

"अगं."

"ओ. आहे इथेच."

मला आत जायला हवं होतं किंवा खाली. मी दोन्ही केलं नाही. तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवर चाहूल लागली. बाबा येत होते, जेवायला. मानेवरचं कापड जोरात हलत होतं, जिना त्यांना अजून लागायचा. माझ्या दोन पायऱ्या खाली ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे कान केला.

आत आईकडून या वेळी पेन उचलायला जरा उशीर झाला. "अगं... अगं ए, चालू झालं का हे? बोलू का?" आणि पाठोपाठ मी, खणखणीत, शेवटचा शब्द अजिबात न गिळता, "थांबा हो बाबा! अजून नाही! मी सांगते तेव्हा बोला!"

मी बाबांकडे बघू शकले नाही. मी आत जायला दाराकडे वळले.

बाबांनी हाताने मला 'थांब' अशी खूण केली. आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. आत आणखी दोनदा हाक झाली, दोनदा उत्तर. मग शांत झालं. बाबांनी अजून थोडा वेळ जाऊ दिला. मग त्यांनी अंगठी कठड्याच्या लोखंडावर दोनदा आपटली.

ठक ठक.

आत खुर्ची सरकली, पेन पडलं, घरंगळत गेलं.

"ओ," आईने आतून म्हटलं. "आले."

तो 'ओ' निराळा होता. मी दोन्ही ऐकले होते. बाबांनीही.